'यू'विना 'क्यू'

प्रश्न : सुटीत मुलांबरोबर स्क्रॅबल, म्हणजे पटावर अक्षरांच्या टाइल लावून इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ, खेळतो. हातात 'क्यू' आला की 'यू'ची वाट बघता बघता डाव संपतो. 'यू' न लागणारे छोटे शब्द आहेत का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : आहेत, आणि त्यांतले बरेच तुमच्या तोंडात आधीपासूनच आहेत. अरबीतला घशातून काढायचा 'क' इंग्रजीत 'क्यू'ने लिहितात, त्यामुळे आपले फारसी-अरबी वळणाचे शब्द इथे भेटतात. फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर) १७ गुणांचा. गावोगावी फकिराप्पा असताना हा विसरायचं कारण नाही. तलाक (टी-ए-एल-ए-क्यू) १४. काजी क्यू-ए-डी-आय, तोही १४. हीच चार अक्षरं क्यू-ए-आय-डी अशी फिरवली की उत्तर आफ्रिकेतला मुखिया होतो. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे मंडपाची कनात नव्हे बरं का! उंचावरचं भूजल उताराने गावापर्यंत आणणारा तो बोगदा; बिदरचं नौबाद कारेझ त्याच जातीचं. क्यू-ए-टी हे येमेन-इथिओपियात पानं चघळतात ते झुडूप, १२ गुण.

पण पाठ करायचा तो एकच : क्यू-आय. उच्चार 'ची', अर्थ चिनी विचारातली प्राणशक्ती. उत्तर अमेरिकेच्या शब्दयादीत तो २००६ मध्ये आला. एरवी ११ गुण ('क्यू'चे १०, 'आय'चा १), पण जागा साधली तर मोठा हात मारता येतो. अक्षराचे तिप्पट गुण देणाऱ्या गडद निळ्या घराच्या उजवीकडे 'आय' आधीच पडलेला असेल, तर 'क्यू' त्या घरात ठेवा आणि त्याच्या खाली तुमच्याकडचा 'आय' लावा. आडवा शब्द ३१, उभा ३१, एकूण ६२. मात्र खालच्या 'आय'ला शेजारी दुसरं अक्षर लागत असेल तर तिथेही खरा शब्द व्हायला हवा. घाईत नेमकं हेच बघायचं राहतं.

'यू'ची वाट बघणं मुळातच तोट्याचं. १०० टाइलमध्ये 'यू' फक्त चार, आणि कोणत्याही अक्षराऐवजी चालणाऱ्या कोऱ्या दोन. शेवटी 'क्यू' हातात राहिला तर तुमचे १० वजा होतात आणि आधी संपवणाऱ्याला १० मिळतात, म्हणजे फरक २० चा. बदलून घ्यायचा तर पिशवीत किमान ७ टाइल असेपर्यंतच, आणि ती पाळी जाते. इराक, कतार चालत नाहीत, विशेषनामं आहेत. शाळेच्या छोट्या डिक्शनरीत यांतले निम्मे शब्द सापडणार नाहीत, म्हणून कोणती यादी प्रमाण मानायची ते पहिली टाइल काढण्याआधीच ठरवा. एस-यू-क्यू, म्हणजे अरबी बाजार, कॉलिन्स या ब्रिटिश डिक्शनरीच्या यादीतही चालतो आणि अमेरिकन यादीतही.

प्रश्न : ए-ई-आय-ओ-यू यांपैकी एकही नसलेला शब्द? – एक वाचक, खानापूर

उत्तर : सी-डब्ल्यू-एम, १० गुण. उच्चार 'कूम'; वेल्श भाषेत 'डब्ल्यू' स्वराचं काम करतो. हिमनदीने कोरलेली वाटीसारखी दरी. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या वेस्टर्न कूमला हे नाव ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीने १९२१ मध्ये दिलं.