दर वाढवण्याचा अधिकार कुरिअर कंपनीला आहे. पण कोणत्या तारखेपासून?

प्रश्न : मी दिव्यांच्या शेड बनवून ऑनलाइन विकतो. एका कुरिअर कंपनीशी मी १ एप्रिलपासून वर्षभराचा लेखी करार केला असून दरपत्रक त्याला परिशिष्ट म्हणून जोडलेले आहे. ‘कंपनी तीस दिवसांची लेखी सूचना देऊन दर सुधारू शकेल’, अशी त्यात एक अट आहे. १२ जूनला कंपनीने ईमेल पाठवून १ जूनपासूनच नवे दर आणि नव्या अटी लागू केल्या. घनफळी वजनाचा (म्हणजे खोक्याच्या घनफळाला ज्या आकड्याने भागून आकारणीचे वजन काढतात तो) भाजक ५००० ऐवजी ४००० केला, इंधन अधिभार वेगळा लावला, दरमहा किमान व्यवसायाची हमी मागितली आणि हरवलेल्या किंवा फुटलेल्या मालाच्या भरपाईची मर्यादा निम्मी केली. तो ईमेल माझ्या पाहण्यात आला नाही आणि जूनचे बिल मी नेहमीप्रमाणे भरून टाकले. जुलैचे बिल ऑगस्टमध्ये आल्यावर मात्र हरकत घेतली. आता कंपनीने माझ्या ग्राहकांकडून गोळा केलेली कॅश ऑन डिलिव्हरीची सगळी रक्कम अडवली आहे आणि वाटेतली पार्सलेही थांबवू असे कळवले आहे. मला ग्राहक आयोगाकडे जाता येईल का? वाढीव पैसे द्यावेच लागतील का?

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निराशाजनक आहे, म्हणून ते आधी देतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) नुसार जो व्यावसायिक प्रयोजनासाठी सेवा घेतो तो ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांसाठी या कलमाच्या स्पष्टीकरणात सवलत आहे खरी, परंतु तिच्या शब्दांत फक्त विकत घेतलेल्या वस्तूंचा उल्लेख आहे, सेवांचा नाही. त्याच कायद्यातील ‘अनुचित करारा’ची तरतूदही ग्राहकाशी झालेल्या करारापुरतीच आहे. तेव्हा तो रस्ता सोडून द्यावा. कंपनी पहिल्याच तारखेला हा आक्षेप घेईल आणि आपले काही महिने त्यात जातील.

‘हा करार एकतर्फी आहे, मी लहान व्यावसायिक आणि समोर मोठी कंपनी’ हा युक्तिवादही फारसा ताणू नये. असमान ताकदीच्या पक्षांमधील अन्याय्य अटी न्यायालय रद्द ठरवू शकते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सांगितले. पण दोन्ही पक्ष व्यापारी असून व्यवहार व्यापारी असेल तेथे ते लागू होणार नाही, असेही त्याच निकालात म्हटलेले आहे. व्यापाऱ्याने सही करण्यापूर्वी वाचले असेल, असेच कायदा धरून चालतो. आपली खरी बाजू याहून साधी आणि भक्कम आहे. कंपनीने जो अधिकार स्वतःसाठी लिहून घेतला, तोच तिने लिहिल्याप्रमाणे वापरलेला नाही.

करारात बदल करायचा तर दोघांची संमती लागते, हे भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६२ वरून निघते. एकतर्फी केलेली भर किंवा बदल नाखूश पक्षाच्या गळ्यात मारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सँगयाँग इंजिनिअरिंग विरुद्ध राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण या निकालात स्पष्ट केले आहे. तेथेही वाद दरवाढ मोजण्याच्या सूत्राचाच होता आणि प्राधिकरणाने ते सूत्र एका परिपत्रकाने बदलू पाहिले होते. आपल्या करारात मात्र दर सुधारण्याची संमती आपण आगाऊच दिलेली आहे. म्हणून ‘कंपनीला दर वाढवताच येत नाहीत’ असे म्हणून चालणार नाही. आपली संमती तीस दिवसांच्या लेखी सूचनेच्या अटीवर होती, एवढेच आपण म्हणू शकता आणि तेवढे पुरेसे आहे. १२ जूनला निघालेली सूचना १ जूनपासून लागू होऊ शकत नाही. ती फार तर १२ जुलैपासून लागू होईल. त्याआधी बुक झालेल्या प्रत्येक पार्सलला परिशिष्टातील जुनाच दर लागतो, मग बिल कोणत्या तारखेचे का असेना.

ईमेल आपण वाचला नाही, याचा उपयोग मात्र फारसा होणार नाही. करारात सूचनेसाठी आपण दिलेल्या पत्त्यावरच तो आला असेल, तर सूचना मिळाली असेच धरले जाईल. ईमेल दुसऱ्याच कुणाच्या, उदाहरणार्थ पार्सले बांधणाऱ्या सहकाऱ्याच्या, पत्त्यावर गेला असेल तर गोष्ट वेगळी. करारातील ‘सूचना’ या शीर्षकाची अट काढून हे आजच तपासा.

१२ जुलैनंतरचे काय? येथे आपली बाजू पातळ होते. करार अधिनियमाच्या कलम ८ नुसार प्रस्तावातील अटींप्रमाणे कृती करणे हीसुद्धा स्वीकृतीच असते. सूचनेची मुदत संपल्यावरही आपण रोज पार्सले देत राहिलात, म्हणजे निदान दरापुरते तरी नवे दरपत्रक आपण स्वीकारले, असे कंपनी म्हणेल आणि माझ्या मते न्यायालय ते बहुतांशी मान्य करील. ‘हरकत कायम ठेवून’ असा शेरा मारून पार्सल देण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो शेरा पुराव्यासाठी उपयोगी आहे, परंतु कराराने दिलेला अधिकार रीतसर वापरलेला असेल तर नुसत्या शेऱ्याने तो नाहीसा होत नाही.

भाजकाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्यासारख्या हलक्या पण जागा अडवणाऱ्या मालाच्या विक्रेत्याला खरा फटका तेथेच बसतो. ४० × ३० × २० सेंटिमीटरच्या खोक्याचे घनफळ २४,००० घन सेंटिमीटर होते; त्याला ५००० ने भागले तर आकारणीयोग्य वजन ४.८ किलो आणि ४००० ने भागले तर ६ किलो. प्रतिकिलो दर जसाच्या तसा राहिला तरी वजनच २५ टक्क्यांनी वाढते. हा बदल ‘दर’ सुधारणे आहे की वजन मोजण्याची पद्धत बदलणे आहे? अट फक्त ‘दर’ म्हणत असेल आणि भाजक करारात अन्यत्र, व्याख्यांमध्ये किंवा मोजमापाच्या कलमात, स्वतंत्रपणे लिहिलेला असेल, तर भाजक बदलण्याचा अधिकार कंपनीला दिलेलाच नाही, असे आपण म्हणू शकता. तो दरपत्रकाच्याच तळाशी छापलेला असेल तर हा मुद्दा दुबळा होतो. संदिग्ध शब्दांचा अर्थ मसुदा करणाऱ्याच्या विरुद्ध लावावा हा नियम आपल्या मदतीला येऊ शकतो, पण व्यापाऱ्यांमधील करारांत न्यायालये तो सढळ हाताने वापरत नाहीत.

किमान व्यवसायाची हमी आणि भरपाईची नवी मर्यादा यांची गोष्ट निराळी आहे. या दोन्ही गोष्टी कोणत्याही अर्थाने ‘दर’ नाहीत. हमी म्हणजे आपल्यावर घातलेले नवे बंधन. मर्यादा कमी करणे म्हणजे कंपनीची जबाबदारी घटवणे. दर सुधारण्याच्या अधिकारात ही दोन्ही बसत नाहीत. कंपनी बहुधा ‘संकेतस्थळावरील वेळोवेळी सुधारित अटी लागू’ या ओळीचा आधार घेईल. अशी ओळ आपल्या करारात आहे का, आणि करार व संकेतस्थळ यांत विसंगती आल्यास कोणाचे शब्द वरचढ, हे कोठे लिहिले आहे का, ते पाहा. काहीच लिहिले नसेल तर वाटाघाटी करून सही केलेला विशिष्ट करार सर्वसाधारण अटींपेक्षा वरचढ मानावा, असा आग्रह धरता येईल. या दोन बाबींवरची हरकत मात्र आता एक दिवसही लांबवू नका.

भरपाईच्या मर्यादेबाबत एक सावधगिरी. प्रत्येक पार्सलच्या पावतीमागे किंवा बुकिंगच्या पडद्यावर जे छापलेले असते ते बंधनकारक ठरू शकते. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या १९९६ च्या प्रकरणात पाठवणाऱ्याने सही केलेल्या पावतीवर भरपाईची मर्यादा १०० अमेरिकी डॉलर होती. प्रत्यक्ष नुकसान कितीतरी अधिक असूनही सर्वोच्च न्यायालयाने तीच मर्यादा कायम केली. रस्त्याने जाणाऱ्या मालाला रस्ता वाहतूक अधिनियम, २००७ लागू होतो आणि ‘सामान्य वाहक’ या व्याख्येत घरपोच सेवा देणाऱ्या कुरिअर संस्थाही येतात. त्याखालील नियमांनुसार वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते आणि तीही घोषित मूल्याच्या पुढे जात नाही. मालाचे अधिक मूल्य घोषित करून जादा जोखमीचा दर भरला असेल तरच ती वाढते. हरवलेल्या किंवा फुटलेल्या मालासाठी दावा लावायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहकाला लेखी नोटीस द्यावी लागते (कलम १६). दरांच्या भांडणात ही मुदत निसटते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

आता अडवलेल्या पैशांकडे वळतो, कारण आपली निकड तेथे आहे. कॅश ऑन डिलिव्हरीची रक्कम कंपनी आपली प्रतिनिधी म्हणून गोळा करते. ती कंपनीची कमाई नव्हे. करार अधिनियमाच्या कलम २१८ नुसार प्रतिनिधीने अशी रक्कम मालकाला द्यायची असते, आणि कलम २१७ नुसार त्याला त्यातून राखून ठेवता येते ते फक्त त्या प्रतिनिधित्वाच्या कामात दिलेली आगाऊ रक्कम, योग्य खर्च आणि त्या कामाचा मोबदला. म्हणजे रक्कम गोळा करण्याचे शुल्क कंपनी वळते करू शकते; परंतु ज्या पार्सलांचे पैसे ग्राहकाने आधीच आपल्याला दिले होते, त्यांचे वादग्रस्त भाडे या कलमाखाली वसूल करता येत नाही. अर्थात ‘कंपनीचे कोणतेही येणे सीओडीच्या (कॅश ऑन डिलिव्हरीच्या) रकमेतून वळते करता येईल’ अशी स्पष्ट अट पुष्कळ करारांत असते, आणि ती असेल तर कलम २१७ च्या पलीकडचा अधिकार तिला मिळतो. तरीसुद्धा तो ‘येणे’ असलेल्या रकमेपुरताच राहील. वाद काही हजारांचा असताना सगळी रक्कम रोखून धरणे त्या अटीतही बसवणे कठीण आहे.

वाटेतली पार्सले थांबवण्याच्या धमकीलाही असेच उत्तर आहे. ज्या पार्सलचे भाडे बाकी आहे त्याच पार्सलवर वाहक हक्क सांगू शकतो. जुन्या हिशेबाच्या थकबाकीसाठी आज दिलेला दुसराच माल अडवणे म्हणजे सर्वसाधारण धारणाधिकार बजावणे होय. करार अधिनियमाच्या कलम १७१ ने तो बँका, अडते, धक्केवाले, उच्च न्यायालयांचे अॅटर्नी आणि विमापत्रांचे दलाल यांनाच दिला आहे. इतरांना तो स्पष्ट कराराशिवाय मिळत नाही, आणि वाहक त्या यादीत नाही. तशी अट आपल्या करारात आहे का, एवढेच पाहायचे आहे.

यावरून आपण काय करावे ते असे. १ जून ते ११ जुलैपर्यंतच्या प्रत्येक पार्सलचा हिशेब जुन्या दराने आणि त्यानंतरचा हिशेब नव्या दराने, किमान हमीची रक्कम वगळून, मांडा. भाजकावर वाद घालण्यासारखा मजकूर करारात असेल तर त्यापुरता फरक वेगळ्या रकान्यात दाखवा. जूनच्या बिलात जास्त गेलेली रक्कम वजा करा. चुकून दिलेले पैसे परत मागण्याचा आधार करार अधिनियमाचे कलम ७२ देते, मात्र आपण बिल न वाचता भरले हे लपवू नका, कारण तीच आपली ‘चूक’ आहे. उरलेली निर्विवाद रक्कम लगेच भरा आणि ती कोणत्या बिलापोटी आहे हे त्याच दिवशी लिहून कळवा. सगळेच बिल अडवून ठेवणारा व्यापारी न्यायालयात वाईट दिसतो, आणि कंपनीला सेवा बंद करण्याचे आयते कारण मिळते.

जीएसटीचा एक बारकावा आपल्या हिशेबनीसालाही सांगा. एखाद्या बिलाची रक्कम बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला दिली नाही, तर न दिलेल्या भागावर घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवरील कराची वजावट) व्याजासह परत करावे लागते. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते. म्हणून जास्तीच्या रकमेसाठी कंपनीकडून क्रेडिट नोटच, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, मागा, वाद नुसता लोंबकळत ठेवू नका.

बिलावर ‘सात दिवसांत हरकत न घेतल्यास हक्क संपुष्टात येईल’ असे छापलेले असेल तर घाबरू नका. ठरावीक मुदतीनंतर हक्कच नष्ट करणारी अट करार अधिनियमाच्या कलम २८ नुसार तेवढ्यापुरती शून्य असते, आणि अशा दाव्यांना मुदत कायद्याने साधारणपणे तीन वर्षे मिळतात.

पत्राने भागले नाही तर प्रथम करारातील लवादाची अट वाचा. ती असेल तर अडवलेल्या रकमेसाठी लवाद अधिनियम, १९९६ च्या कलम ९ खाली न्यायालयाकडून तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो. एकमेव लवाद कंपनीनेच नेमायचा असे लिहिले असेल तर त्याला जरूर हरकत घ्या. अशी एकतर्फी नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमनच्या निकालात नाकारली, आणि २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही तिच्याविरुद्ध कौल दिला. लवादाची अट नसेल आणि दाव्याचे मूल्य ३ लाख रुपये किंवा अधिक असेल, तर प्रकरण वाणिज्यिक न्यायालयात जाते. तेथे तातडीचा दिलासा मागत नसाल तर दाव्याआधी मध्यस्थी करणे वाणिज्यिक न्यायालयांच्या कायद्यातील कलम १२-अ नुसार सक्तीचे आहे. ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो, हे २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालापासून पक्के झाले आहे. आपल्या प्रकरणात मध्यस्थी हीच मला सर्वात उपयोगी पायरी वाटते, कारण वाद मुख्यत्वे तारखांचा आहे आणि दोन्ही बाजूंना व्यवहार पुढे चालू ठेवायचा दिसतो.

‘फक्त मुख्यालयाच्या शहरातील न्यायालयातच दावा’ या अटीने नाउमेद होऊ नका. पटेल रोडवेज विरुद्ध प्रसाद ट्रेडिंग कंपनी या १९९१ च्या निकालात, म्हणजे वाहतूक कंपनीच्याच प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वादाचे कारण जेथे घडले तेथे कंपनीची शाखा असेल तर अधिकार तेथील न्यायालयाला असतो. मुख्यालयाच्या न्यायालयाला तो नसेल, तर पक्षांनी कागदावर लिहून तो निर्माण होत नाही. आपली पार्सले ज्या शाखेत बुक होतात, तिचा पत्ता नोटिशीत मुद्दाम लिहा.