सरकारी दवाखान्यांचं कार्बन उत्सर्जन कमी करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

कोकणातल्या छोट्या आरोग्य केंद्रात असं काय मोठं जळतं, असंही तुम्ही विचारलंय. मी सिंधुदुर्गातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट आहे, तेव्हा औषधांच्या खिडकीपासूनच सुरुवात करतो.

आमच्या कपाटात या बाबतीत सगळ्यात जड वस्तू म्हणजे दम्याचा पंप. औषध बाहेर ढकलायला त्यात वायू भरलेला असतो. बहुतेक पंपांत तो एचएफए-134ए असतो आणि तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून जास्त हवा तापवतो. 200 फवाऱ्यांचा एक पंप संपला की, बनावटीनुसार, साधारण 4 ते 12 लिटर पेट्रोल जाळल्याइतकी भर पडते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने, म्हणजे एनएचएसने, 2020 साली निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठरवलं, तेव्हा त्यांच्या एकूण उत्सर्जनाच्या हिशेबात हे पंप 3 टक्क्यांच्या आसपास निघाले.

गेल्या पावसाळ्यात एक आजोबा आले. "पंप मारतंय, पण फरक पडणा नाय." म्हटलं, माझ्यासमोर मारून दाखवा. त्यांनी न हलवताच पंप दाबला आणि श्वास घेतला तो नंतर. अर्धा फवारा पांढरा होऊन ओठांवरून परत आला. म्हणजे औषध वाया, वायू हवेत, दमा तसाच, आणि महिन्याला दोन पंप. डॉक्टरांशी बोलून त्यांना रोटाहेलर दिला. त्यात कोरडी पूड असते, वायू लागतच नाही. पंधरा मिनिटं शेजारी बसून शिकवलं: आधी श्वास पूर्ण सोडा, मग जोरात ओढा, आत कॅप्सूल खुळखुळली पाहिजे. आपल्या दमट हवेत पूड चिकटते, म्हणून डबीचं झाकण घट्ट लावायचं हेही दोनदा सांगितलं. लहान मुलांना आणि दमा जोरात उसळला असताना मात्र पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं नळकांडं, हेच हवं. तिथे कार्बनचा विचार मनातही आणू नये.

दुसरं, वीज. लसी 2 ते 8 अंशांत राहाव्या लागतात. मे 2021 च्या तौक्ते वादळानंतर वीज गेली ती काही दिवस आलीच नाही आणि फ्रिज जनरेटरवर चालला. डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड. छत्तीसगडने शेकडो आरोग्य केंद्रांवर सौर पॅनल बसवलेत, आपल्याकडेही ते व्हायला हवंच. फक्त इथे खाऱ्या हवेत सांगाडा गंजतो आणि पावसाळ्यात ऊन तुटपुंजं असतं, त्यामुळे बॅटरी मोठी हवी आणि तिची देखभाल कुणा एका माणसाच्या नावावर हवी.

रुग्णांच्या खेपाही यातच येतात. बीपी-शुगरच्या गोळ्या आठवड्याऐवजी महिन्याच्या दिल्या, तर चारातल्या तीन खेपा वाचतात. ईसंजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर तज्ज्ञ भेटले, तर प्रत्येक वेळी गोव्यातलं बांबोळीचं मोठं हॉस्पिटल गाठावं लागत नाही.

तुमच्या घरी कुणी पंप वापरत असेल, तर तो मनाने बंद करू नका. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना सोबत न्या आणि फार्मासिस्टसमोर एकदा मारून दाखवा. संपलेला पंप पालापाचोळ्याबरोबर जाळू नका, डबा फुटतो. आमच्या खिडकीवर लोक तो परत आणून देतात, तुमच्या केंद्रात घेतात का ते विचारा.