केमन की केमन जीटीएस? वरचे ६४ लाख नेमके कोणाचे

आपल्या जळगाव जिल्ह्यातल्याच एका भाऊंचा प्रश्न आलाय. जामनेरकडे सख्ख्या लहान भावासोबत पार्टनरशिपमध्ये जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना), वय ४१, दोन मुली, एक बारा वर्षांची, एक आठ. पोर्श घ्यायचीये, सेकंड हॅण्ड, ७१८ केमन. दोन गाड्या हेरून ठेवल्यात, दोन्ही मुंबई पासिंगच्या, दोन्ही ऑटोमॅटिक. एक २०१९ ची साधी केमन, २२ हजार किलोमीटर चाललेली, ७८ लाख सांगताय. दुसरी २०२२ ची केमन जीटीएस ४.०, ९ हजार किलोमीटर, १ कोटी ४२ लाख. यांच्याकडे म्युच्युअल फंडात २ कोटी १० लाख आणि एफडी ६० लाखांची. साधी घेतली तर रोखीने, आणि जीटीएस घेतली तर ७८ स्वतःचे टाकून वरचे ६४ लाख पाच वर्षांच्या लोनवर, ११ टक्क्यांनी. पुण्याचा एक मित्र रोज सांगून राहिला की चार सिलिंडरची पोर्श म्हणजे पोर्शच नाही, जीटीएसच घे, तिची किंमत पडणार नाही, उलट वाढेल.

तर भाऊ, पहिले गाडीचंच बोलून घेऊ, नाहीतर तुम्ही म्हणाल सल्लागाराला गाडीतलं काय कळतं. साध्या केमनला १९८८ सीसीचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, ताकद ३०० पीएस, शून्य ते शंभर ४.९ सेकंदात. जीटीएसला चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही, ४०० पीएस, ७८०० आरपीएमपर्यंत ओढतं, आणि शंभरला ४ सेकंदात. आवाजाच्या बाबतीत तुमचा मित्र खोटं बोलत नाहीये, जीटीएसचा आवाज ऐकला की साध्या केमनचा आवाज कोणालाच आवडत नाही, ते मान्य. पण चार सिलिंडर म्हणजे पोर्श नाही हे जरा अतीच झालं. पोर्श नावाची पहिली गाडी १९४८ ची, ती चार सिलिंडरचीच होती आणि तिचं नाव ३५६. तुमच्या रुईच्या खंडीत जेवढे किलो तेवढाच नंबर, हे मित्राला सांगा, जिनिंगवाल्याने सांगितलेलं शोभेल.

रस्त्याचं म्हणाल तर साध्या केमनला १८ इंची चाकं येतात, जीटीएसला २० इंची, टायरची कड पातळ, आणि गाडी साधीपेक्षा २० मिलीमीटर खाली बसते. तुमच्याकडच्या डीलरने टेस्ट ड्राइव्ह मुंबईत दिली असेल, ती जामनेर ते जळगाव पावसाळ्यानंतर चालवून दाखव म्हणा. एक रिम गेली की पोर्शच्या मार्किंगचे टायर मागवा, गाडी उचलून मुंबईला पाठवा, चालूच राहतं. पेट्रोल, सर्व्हिस यावर मी जास्त बोलत नाही, दीड कोटीच्या गाडीत माणूस पेट्रोलने बुडत नाही.

आता मेन मुद्दा, किंमत पडणार नाही हा. यात तथ्य आहे आणि मी ते उडवून लावणार नाही. पेट्रोलच्या ७१८ चं प्रॉडक्शन ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झालं, नवीन मिळायची नाही, आणि टर्बो नसलेलं सहा सिलिंडरचं इंजिन त्या किमतीत परत कोणी देईल असं वाटत नाही. म्हणून हिशोब तुमच्या बाजूनेच करून बघू. साधी केमन आज ७८ ला घेतली, पाच वर्षांनी ५० ला गेली असं धरा, २८ लाख गेले. जीटीएस १ कोटी ४२ ला घेतली, ६४ लाखांच्या लोनवर ११ टक्क्यांनी हप्ता येतो १ लाख ३९ हजार, पाच वर्षांत नुसतं व्याज साडेएकोणीस लाख. गाडी जर घेतल्या भावात विकली गेली तर तुमचे साडेएकोणीसच गेले, म्हणजे जीटीएस साधीपेक्षा स्वस्त पडली! कागदावर खरंच पडते. मित्राने हाच हिशोब दाखवला असणार. फक्त त्याच कागदावर पुढची ओळ लिहा, की हे जमायला पाच वर्षांनी ती गाडी १ कोटी ३३ च्या वर विकली गेली पाहिजे, तुम्ही चालवून झाल्यावर, ९ हजाराचे ३० हजार किलोमीटर झाल्यावर. सव्वा कोटीला गेली तरी तुमचे साडेछत्तीस लाख गेलेले असतील.

आणि इम्पोर्टेड जुन्या गाडीचा भाव तुमच्या-माझ्या हातात नसतो, तो नव्या गाड्यांच्या टॅक्सला बांधलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ ला काय झालं आठवा, मोठ्या गाड्यांवर जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्क्यांपर्यंत जायचे ते सरळ ४० वर आलं, नव्या गाड्या एका रात्रीत लाखोंनी उतरल्या आणि ज्यांनी आदल्या महिन्यात जुनी महाग गाडी घेतली ते बघत बसले. इम्पोर्ट ड्युटी खाली आली तरी तेच होणार. तुम्हाला हे मी काय सांगू, ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ सरकारने कापसावरची ११ टक्के इम्पोर्ट ड्युटी काढली तेव्हा गोडाऊनमध्ये माल धरून बसलेल्यांची काय हालत झाली ती तुम्ही जवळून बघितलीये.

पण समजा मित्राचंच खरं निघालं, भाव टिकला. तरीही मला जीटीएस तुमच्यासाठी नको वाटते आणि त्याचं कारण गाडीत नाहीये, तुमच्या मेलमध्ये आहे. तुम्ही लिहिलंय की सीसी लिमिट (धंद्यासाठी बँकेची कॅश क्रेडिटची उधारी) ४ कोटींची आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती फुल असते. शेतकरी गाडी घेऊन गेटवर उभा असतो, त्याला पेमेंट लगेच पाहिजे, तुमच्या गाठी विकून पैसा यायला वेळ लागतो, सरकीचा भाव रोज हलतो, आणि त्याच चार महिन्यांत दर ५ तारखेला १ लाख ३९ हजार. भाव टिकल्याचा फायदा तुम्हाला पाच वर्षांनी एकदाच मिळणार, हप्ता मात्र साठ वेळा जाणार. हा हप्ता कुठून भरणार त्याबद्दल मेलमध्ये एकच वाक्य आहे, "फर्ममधून ड्रॉइंग वाढवून घेईन".

इथे थांबा जरा. वर्षाला पावणेसतरा लाख जास्तीचं ड्रॉइंग म्हणजे तुमच्या कॅपिटल खात्यातून तेवढे पैसे फर्मच्या बाहेर. मार्चनंतर बँकेत सीसी रिन्युअलला बॅलन्स शीट जाते तेव्हा क्रेडिट ऑफिसर आधी बघतो की पार्टनरांचं कॅपिटल वाढलं की घटलं. एखादं वर्ष मार्जिन पातळ निघालं आणि त्याच वर्षी कॅपिटल खाली गेलेलं दिसलं की प्रश्न सुरू, लिमिट वाढवून मागायची सोय राहत नाही, आणि जिनिंगमध्ये लिमिट वेळेवर न वाढणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पाच-पन्नास लाखांच्या खरेदीसाठी शेजारच्या मिलला माल जाताना बघावा लागतो.

दुसरं, फर्म एकट्याची नाही. धाकट्या भावाचा मेलमध्ये उल्लेख फक्त पार्टनर म्हणून आलाय, त्याला विचारलंय का हे कुठेच नाही. तो आज हो म्हणेल, मोठ्या भावाला कोण नाही म्हणतं, पण दोन वर्षांनी त्याला प्लॉट घ्यायचा असेल आणि तुम्ही म्हणाल यंदा ड्रॉइंग नको, सीझन खराब आहे, तेव्हा अंगणात उभी असलेली जीटीएस दोघा भावांना दिसेल, आणि दोघांच्या बायकांनाही. मी इथे वीस वर्षं भावा-भावांच्या फर्मचे कागद बघतोय, वाटण्या कापसाच्या भावावरून होत नाहीत हो, ड्रॉइंगवरून होतात. साधी केमन तुमच्या स्वतःच्या फंडातून येते, तिच्यासाठी कोणाला विचारायचं नाही, कोणाचं ऐकायचं नाही.

सीए म्हणाला असेल की गाडी फर्मच्या नावावर घ्या, घसारा मिळेल. मिळतो, १५ टक्के, घटत्या किमतीवर. सप्टेंबरनंतर घेतली तर पहिल्या वर्षी निम्माच, साडेसात. पण गाडी धंद्यासाठी वापरली हे दाखवावं लागतं, आणि दोन सीटची स्पोर्ट्स कार जिनिंगला कशाला लागते याचं उत्तर मला तरी सुचत नाही, खाजगी वापराचा भाग नामंजूर होऊ शकतो. जीएसटीचं क्रेडिट तर असल्या गाडीवर मिळतच नाही. वर फर्मच्या नावावर गाडी म्हणजे त्यात धाकट्याचाही हिस्सा आला. स्वतःच्या नावावर घ्या, सरळ.

म्हणजे माझं मत साधी केमन. पण तीही उद्या टोकन देऊन नाही. ६० लाखांच्या एफडीला पूर्ण हात लावू नका, घरखर्च आणि मुलींच्या फीसाठी त्यातले २५ राहू द्या, ३५ काढा. बाकी ४५ फंडातून. त्यात नफा २० लाखांचा आहे असं धरलं तर सव्वा लाखाची सूट जाऊन उरलेल्यावर साडेबारा टक्के, सेस धरून २ लाख ४४ हजार टॅक्स. थोडे युनिट मार्चमध्ये आणि थोडे एप्रिलमध्ये काढले तर सव्वा लाखाची सूट दोनदा मिळते, पंधरा-सोळा हजार वाचतात, ते सोडायचे कशाला. आणि त्याने टायमिंगही आपोआप जमतं. दिवाळीचा मुहूर्त विसरा, सीझनच्या तोंडावर हातातला पैसा गाडीत घालायचा नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला घ्या. तोपर्यंत गाठी उठलेल्या असतात, लिमिट खाली आलेली असते, आणि विकणाऱ्यालाही उन्हाळ्यात गिऱ्हाईक कमी असतं, ७८ चे ७४-७५ व्हायला जागा आहे.

त्याच्या आधी एक काम, हे मात्र गाडी घ्या न घ्या करायचंच. तुमचा टर्म इन्शुरन्स १ कोटीचा आणि बँकेच्या ४ कोटींच्या लिमिटवर तुमची वैयक्तिक सही. पार्टनरशिप फर्म आहे, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) नाही, तुमच्या मागे बँक वहिनींच्या दारात येऊ शकते, घर-प्लॉट सगळं त्यात येतं. निदान अजून २ कोटींचं कव्हर घ्या. जीटीएसचा एक हप्ता जेवढा आहे त्यात त्याचा वर्षाचा प्रीमियम आरामात बसेल, आणि वैयक्तिक लाइफ इन्शुरन्सच्या प्रीमियमवर आता जीएसटीही नाही. ३०० पीएसची गाडी घेणाऱ्या माणसाला हे कोणी न सांगणं बरोबर नाही म्हणून सांगितलं, राग मानू नका.

तुम्ही विचाराल, मन जीटीएसवरच अडलं तर? तर दोन गोष्टी झाल्यावर घ्या, लोन न काढता घ्यायची ऐपत आली की, आणि धाकट्याने स्वतःहून म्हटलं की. फंड असाच चालू राहिला तर तीन-चार वर्षांत ते अशक्य नाही, तेव्हा साधी विकून वरचे घाला. त्या वेळी जीटीएस महाग झालेली असेल ही शक्यता आहे, ती मी धरूनच बोलतोय.

साधी घेताना काही गोष्टी बघून घ्या. मुंबई पासिंग आहे हे चांगलं, इम्पोर्टेड गाडीचा महाराष्ट्रातला २० टक्के रोड टॅक्स पहिल्या मालकाने भरलेला असतो. दिल्लीची गाडी दहा लाखांनी स्वस्त दाखवली तर भुलू नका, एनओसी आणा, इथला टॅक्स परत भरा, तिकडच्या रिफंडच्या मागे फिरा, एमएच १९ मिळेपर्यंत आखाजी परत येते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका. विकणारा म्हणाला पाच-सात लाख कॅश द्या तर नाही म्हणा, दोन लाख किंवा वर रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड लागतो आणि तुमच्याकडे त्या पैशाचा पुरावा राहत नाही. डीलरकडून घेतली तर तो किमतीवर १ टक्का टीसीएस (विकणाऱ्याने गोळा करायचा इन्कम टॅक्स) लावेल, तो तुमच्या पॅनवर जमा दिसतोय का तेवढं बघा, रिटर्नमध्ये वळता होतो.

आणि पोर्शच्याच वर्कशॉपमधून तपासणी करून घ्या, स्वतः पैसे भरून, विकणाऱ्याच्या मेकॅनिककडून नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललंय का ते सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बघा. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २२ हजार किलोमीटरच चालली म्हणून नक्षी खोल दिसेल, पण ते आकडे १९ वर संपत असतील तर आपल्या ४५ डिग्रीच्या मे महिन्यात त्या रबराचा भरवसा नाही, चारही टायरचे पैसे भावातून कापायला लावा आणि मगच टोकन द्या.