मोन्झाच्या पहिल्या शिकेनमधून निघताना

अरे, वळणातून निघताना गाडी गरकन फिरते म्हणतोस, पण दोष गाडीत नाही, तुझ्या बोटात आहे. ग्रॅन टुरिस्मो ७ या रेसिंग गेममध्ये मागच्या चाकांवर चालणारी दणकट गाडी घ्यायची, मोन्झा या इटलीतल्या ट्रॅकच्या पहिल्या शिकेनमधून (लागोपाठची उजवी-डावी वळणं) निघताना कंट्रोलरचा ट्रिगर, म्हणजे ॲक्सिलरेटर, तळापर्यंत दाबायचा, मग ती गरागरा फिरणारच. (मीही आधी कंट्रोलरलाच शिव्या घालायचो.)

टायरची पकड पगारासारखी समज. वळण्यात जेवढी खर्च झाली तेवढी पुढे ढकलायला उरत नाही. म्हणून स्टिअरिंग जसजसं सरळ होईल तसतसा ट्रिगर दाबत जा. सुरुवात पाव ट्रिगरने कर, एक क्षण तिथेच थांब, मागचा भाग स्थिर वाटला की पुढे. मागचं चाक कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर) असेल तर अजून थोडा दम धर.

डोळ्यांपेक्षा कानावर विश्वास ठेव. इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि वेग मात्र वाढला नाही, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरतायत. तेव्हा घाबरून ट्रिगर पूर्ण सोडू नकोस. वजन झटकन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी आणखीच फिरते. थोडासाच सैल सोड.

दुसऱ्या गिअरमध्ये फारच घसरत असेल तर लवकर तिसरा टाक, चाकांवरचा जोर कमी होतो. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू नयेत म्हणून गेममधली मदत) सुरुवातीला ३ वर असू दे, लाजू नकोस. सराव मात्र मियाटावर, माझदाच्या छोट्या स्पोर्ट्स गाडीवर, कर. मागच्या चाकांचीच गाडी, पण ताकद कमी, चूक पोटात घालते.