रेटिनायटिस पिगमेंटोसामध्ये डोळ्यातल्या पेशी का मरतात? या संशोधनाचा माझ्या भावाला काही उपयोग होईल का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ १९ वर्षांचा आहे, दिवस मावळला की त्याला दिसत नाही. गावात सगळे 'अ जीवनसत्त्वाची कमी' म्हणतात, पण संभाजीनगरच्या डॉक्टरांनी रेटिनायटिस पिगमेंटोसा सांगितलाय. आईवडील मामे-आतेभावंडं.

मी याच पेशींवर प्रयोगशाळेत काम करतो, मूळचा बीड जिल्ह्यातला. माझ्या मामांनाही हाच आजार होता. ते सांजेला बैलाचा कासरा धरून शेतातून घरी यायचे, बैलाला वाट ठाऊक असायची. चाळिशी उलटल्यावर त्यांना दिवसाही दिसेना. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डोळ्याच्या पडद्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात, त्या अंधुक उजेडात कामाला येतात. शंकुपेशी साधारण ६० लाख. वाचणं, रंग, माणसाचा चेहरा ओळखणं त्यांच्यावर. दंडपेशीच्या टोकाला भाकऱ्यांच्या चवडीसारखी चकत्यांची चवड असते आणि त्यात ऱ्होडॉप्सिन हे उजेड टिपणारं प्रथिन भरलेलं असतं. ते बनायला अ जीवनसत्त्व लागतं. त्याची कमी असली तर रातांधळेपणा येतो आणि डोस दिला की बहुधा जातो. तुमच्या भावाचं तसं नाही, दोष जनुकात आहे. ही चवड रोज साधारण एक दशांश झडते, खालचा थर ती गिळून टाकतो, आणि दहाएक दिवसांत सगळी नवी होते. इतक्या राबत्या पेशीत एखादं प्रथिन बिघडलं तरी ती हळूहळू मरते. १९९० मध्ये ऱ्होडॉप्सिनच्या जनुकातला दोष सापडला, आता अशी ८० हून जास्त जनुकं माहीत आहेत.

पण कित्येकदा बिघडलेलं जनुक फक्त दंडपेशीच वापरते. मग शंकुपेशी का मराव्यात? मामांची दिवसाची नजर का गेली? मला या कामात ओढलं ते याच प्रश्नानं. २००४ मध्ये लेव्हेयार, साहेल या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दंडपेशी एक प्रथिन सोडतात आणि त्यावर शंकुपेशी तग धरतात. २०१५ मध्ये कळलं की त्या प्रथिनामुळे शंकुपेशीला ग्लुकोज आत घेता येतं. दंडपेशी गेल्या की शंकुपेशींची उपासमार सुरू होते. आमच्याकडच्या एका जातीच्या उंदरांत जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत दंडपेशी जवळपास संपतात, शंकुपेशी मात्र आखूड, बोथट होऊन पुढे बराच काळ जिवंत असतात. मायक्रोस्कोपखाली त्या दिसल्या की मला दर वेळी मामा आठवतात.

भावाला दिवसा नीट दिसत असेल तर त्याच्या शंकुपेशी अजून शाबूत आहेत. त्या जगवणारा उपचार निघाला तर जनुक कोणतंही असो, उपयोगी पडू शकेल. मला सगळ्यात जास्त आशा याच वाटेची आहे. आज मंजूर असलेली जनुक-उपचार पद्धती, २०१७ ची लक्सटर्ना, फक्त आरपीई६५ जनुकासाठी आहे. अमेरिकेत दोन्ही डोळ्यांच्या उपचाराची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवली होती. २०२१ मध्ये पॅरिसमधल्या एका अंध रुग्णाला ऑप्टोजेनेटिक्सनं, म्हणजे पडद्यातल्या उरलेल्या पेशींना जनुक देऊन उजेड टिपायला लावणाऱ्या पद्धतीनं, खास चष्मा लावून, टेबलावरची वही कुठे आहे ते कळलं. हे अजून चाचणीतच आहे.

आता करायचं ते. जनुक तपासणी करून घ्या, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत अशा आजारांचं काम चालतं आणि आपल्याकडून तिकडे जाणं सोपं आहे. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या मनानं देऊ नका, कारण एबीसीए४ जनुकात दोष असेल तर त्या नुकसान करू शकतात. वर्षातून एकदा पडदा तपासा. पडद्यात पाणी साठणं आणि मोतीबिंदू या आजारात होतात, पण दोन्हींवर इलाज आहे.

आईला कुणी बोल लावत असेल, ग्रहण पाळलं नाही वगैरे, तर ते थांबवा. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तोच दडलेला दोष असू शकतो, आणि तसा असेल तर प्रत्येक अपत्याला आजार व्हायची शक्यता चारात एक. तेव्हा तुम्हाला स्वतःला त्रास नसला तरी वाहक असण्याची, म्हणजे तो दोष तुमच्यात दडलेला असण्याची, शक्यता तीनात दोन. नात्यात सोयरीक चालू असेल तर आधी तपासणी होऊ द्या.

अहवालात कोणतं जनुक निघालं ते इथे लिहा, त्यावर काय काम चाललंय ते मी सांगेन.