लाल दिवा लागला तर रीसेट दाबत बसू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सिन्नरच्या कांदा वाळवणी युनिटमध्ये गॅसचा नवा हीटर बसतोय आणि तो चालू करायचं काम तुझ्याकडे आलंय, हे ऐकून बरं वाटलं. फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितो.

आधी बर्नरची नेमप्लेट वाच. मशीन पाइपच्या नैसर्गिक वायूसाठी आलं असेल आणि तुमच्याकडे एलपीजी सिलिंडरची बँक असेल, तर नोझल आणि प्रेशरचं सेटिंग बदलल्याशिवाय पेटवायचं नाही. तेवढ्याच घनफळात एलपीजीची उष्णता अडीचपट तरी भरते. शिवाय तो हवेपेक्षा जड. गळला की केबलच्या ट्रेंचमध्ये जाऊन बसतो, छपराजवळच्या एक्झॉस्टला सापडत नाही. म्हणून डिटेक्टर जमिनीलगत हवा. प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लाव. काडी ओढून गळती बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांना शेडबाहेर ठेव.

मग ब्लोअर. वायरमनने दोन फेज उलटसुलट जोडले तर पंखा उलटा फिरतो, पण तरीही थोडी हवा ढकलतोच. त्यामुळे डक्टला हात लावून समाधान मानू नकोस, केसिंगवरचा बाण बघ. आणि तुमच्याकडे कांद्याची टरफलं उडत असतात, ती सक्शनच्या जाळीला चिकटली की हवा गुपचूप कमी होते. गॅस बंद ठेवून डॅम्पर, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, हळूहळू मिट. हवा कमी पडल्याचं ओळखणाऱ्या एअर स्विचने बर्नरची परवानगी तोडली तरच तो स्विच खरा.

आता मुद्द्याचं. पेटवण्याआधीचा पर्ज म्हणजे आत साचलेला गॅस हवेने ढकलून बाहेर काढणं. आतल्या घनफळाच्या निदान चौपट हवा जायला हवी. समज, आत सहा घनमीटर जागा आहे आणि ब्लोअर मिनिटाला चाळीस घनमीटर हवा देतो, तर छत्तीस सेकंद लागतील. हवा निम्मी झाली तर बहात्तर. टायमर मात्र छत्तीसलाच मोकळा होतो, त्याला टरफलांचं काय माहीत! म्हणून टायमर सढळ हाताने लाव.

पायलट, म्हणजे मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, धरला नाही की बर्नर लॉकआउटला जातो, म्हणजे गॅस तोडून रीसेट करेपर्यंत अडून बसतो, पॅनेलवर लाल दिवा लागतो. इथेच माणसं घाई करतात. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडा न जळलेला गॅस आत सुटतो. रीसेट दाबत राहिलं आणि पर्ज कमी पडला, तर शेवटची ठिणगी त्या साठ्यावर पडते. एकदा रीसेट केलंस, पुन्हा अडला, तर गॅसचा हातकॉक बंद कर आणि कारण शोध: गॅसचं प्रेशर, इलेक्ट्रोडमधलं अंतर, फ्लेम सेन्सरवरची काजळी. सुपरवायझर म्हणेल, माल ओला पडलाय, जम्पर टाक, म्हणजे सेफ्टी स्विचला वायरने बगल दे. त्याला माझं नाव सांग आणि जम्पर टाकू नकोस.

पहिल्याच दिवशी एक चाचणी घे. बर्नर चालू असताना हातकॉक मिट. ज्योत गेल्यावर काही सेकंदांत सोलेनॉइड, म्हणजे गॅसचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, मिटून लॉकआउट यायलाच हवा. कॉक परत उघडल्यावर बर्नर आपोआप पेटला, तर मशीन ताब्यात घेऊ नकोस.

थंडीत वेगळाच त्रास. निफाडकडे पारा पाचाखाली जातो तेव्हा पहाटे सिलिंडरमधून पुरेसा गॅस उठत नाही, त्याच्या अंगावर बर्फ धरतो आणि प्रेशर पडून बर्नर अडतो. बर्नरचा दोष नसतो तो. सिलिंडर वाढव किंवा व्हेपोरायझर, म्हणजे द्रव एलपीजी तापवून त्याचा गॅस करणारं यंत्र, माग. सिलिंडरखाली शेगडी पेटवायची नाही.

बंद करताना आधी गॅस. ब्लोअर आतलं लोखंड थंड होईपर्यंत चालू राहू दे. वीज गेली तर ब्लोअर थांबतो आणि एक्स्चेंजर, म्हणजे ज्योतीची उष्णता वाळवणीच्या हवेला देणारा लोखंडी भाग, तापलेलाच अडकतो, त्याच्या वेल्डला तडे जातात. त्या तड्यातून धूर वाळवणीच्या हवेत शिरतो, म्हणून सीझनच्या सुरुवातीला तो उघडून बघत जा.

कंपनीचा माणूस कमिशनिंगला येईल, तो जाण्याआधी गॅसचं प्रेशर, हवेचं प्रेशर आणि चिमणीचं तापमान त्याच्याकडूनच पॅनेलच्या दाराच्या आत लिहून घे, तारखेसकट.

तुझा,
काका