कमी केलेले वजन परत वाढत आहे. व्यायामाची उमेद पुन्हा कशी आणावी?

आपण लिहिले आहे की आठ महिन्यांत ११ किलो वजन कमी केले, मग व्यायाम सुटला, चार महिन्यांत ६ किलो परत आले आणि आता ‘आतून उमेदच वाटत नाही, ती परत कशी आणावी?’ उत्तर लिहावे की नाही याचा मी दोन दिवस विचार केला, कारण ‘तुला आतून वाटतच नाही’ हेच वाक्य माझ्या थोरल्या भावाने २०२३ च्या भाऊबीजेला, ओवाळणीचे ताट माझ्या हातात असताना, सगळ्या घरासमोर मला ऐकवले होते. ते चूक होते असे मला तेव्हाही वाटत होते. ते का चूक होते, हे समजायला मात्र पुढचे पाच महिने गेले.

मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझी उंची १५७ सेंटिमीटर आहे आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये माझे वजन ७९ किलो होते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, जिला एचबीएवनसी म्हणतात, ६.१ आली होती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, हे मी वर्गात शिकवत असले तरी कागदावर स्वतःचे नाव वाचणे वेगळे असते. तेव्हापासून रोज पहाटे रंकाळा तलावाच्या काठाने चालणे, घरी बैठका आणि जेवणात थोडी शिस्त एवढ्यावर चौदा महिन्यांत मी ६६ किलोपर्यंत आले. जून २०२३ मध्ये पहिल्या पावसात रंकाळ्यावरच्या ओल्या फरशीवरून पाय घसरला, घोट्याचे स्नायुबंध दुखावले आणि तीन आठवडे प्लास्टर होते. ऑगस्टच्या अखेरीस डॉक्टरांनी चालायला पूर्ण मोकळीक दिली.

त्यानंतर सात महिने मी चालले नाही. घोटा बरा होता, पाऊस थांबला होता, शाळेची वेळही बदललेली नव्हती. खंड पडण्याचे कारण संपले तरी खंड संपला नाही. पहाटे जाग येत असे आणि मी पडून राहत असे. वजन वाढू लागल्यावर तर मी शाळेत जाण्याचा रस्तासुद्धा बदलला. रंकाळा टॉवरकडून न जाता लांबच्या गल्ल्यांतून जाऊ लागले, कारण काठावर रोज भेटणाऱ्या बायकांपैकी कोणी मला या अंगाने पाहावे, हे मला सहन होत नव्हते. आपल्या प्रश्नात हे लिहिलेले नाही, पण आपणही काही टाळत आहात का, कोणा ओळखीच्या माणसाला, जुन्या व्यायामशाळेच्या रस्त्याला, वजनाच्या काट्याला, हे एकदा तपासून पाहा. मला तरी उमेद नव्हती असे आता वाटत नाही. मला लाज वाटत होती, आणि लाजेलाच मी उमेदीचा अभाव समजत होते.

दादाचे म्हणणे असे की मन घट्ट असले की सगळे होते, आणि जे सुटते ते मुळात मनापासून धरलेलेच नसते. तो चोविसाव्या वर्षापर्यंत तालमीत होता. हे सांगताना तो नेहमी खाशाबा जाधवांचे नाव घेतो आणि इतकी जिद्द असावी लागते म्हणतो. खाशाबांची जिद्द मी कशाला नाकारू? पण कोल्हापुरात वाढलेल्या माणसाने त्यांची गोष्ट अर्धी सांगू नये. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. तालमीच्या मातीत घडलेल्या मल्लाला तिथे गादीवर आणि वेगळ्या नियमांनी लढायचे होते. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळाले, त्याआधी त्यांना तिथे पाठवण्यासाठी लोकांनी वर्गणी गोळा केली होती आणि राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले होते. जिद्द १९४८ लाही होती. तिच्या पाठीशी माणसे, पैसा आणि चार वर्षांची तयारी उभी राहिली तेव्हा पदक आले. हे मी दादाला त्या भाऊबीजेला सांगायला हवे होते. त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

माझे वडील, आबा, तेव्हा ७७ वर्षांचे होते. तरुणपणी तेही कुस्ती करीत आणि खासबागेच्या मैदानात लढलेले आहेत. ते शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात दादाजवळ राहतात आणि माझे घर तिथून चार गल्ल्यांवर आहे. मार्च २०२४ मध्ये दहावीच्या परीक्षा संपल्यावर मी त्यांना म्हटले की आता पाडव्यापासून पुन्हा सुरू करणार आहे. पाडव्याला तेव्हा आठवडा होता. आबा म्हणाले, “पाडवा लग्नाला बघावा. बैठकांना कसला मुहूर्त? उद्या साडेपाचला घरामागच्या परड्यात ये.”

त्या संध्याकाळी त्यांनी मला जे सांगितले, ते इतक्या वर्षांत कधीच सांगितले नव्हते. विशीत त्यांचा खांदा निखळला होता आणि ते चार महिने गावी जाऊन राहिले होते. खांदा दोन महिन्यांत बरा झाला, पण पुढचे दोन महिने ते तालमीत परत गेले नाहीत, कारण ज्यांना ते रोज लोळवत होते, त्यांच्याकडून आता स्वतः लोळवले जाऊ, ही भीती होती. शेवटी एका पहाटे ते गेले, तेव्हा वस्तादांनी इतके दिवस कुठे होतास असे विचारले नाही. ते एवढेच म्हणाले, “आलास व्हय? घे खोरं.” आठ दिवस आबांनी फक्त हौद्यातली माती उकरली, कुस्ती नाही की जोर नाहीत. नवव्या दिवशी वीस जोर मिळाले, तेही ज्या माणसाने खांदा निखळण्याआधी तीनशे जोर मारले होते त्याला. त्यांनी आणखी मागितले तर वस्तादांनी हौद्यातून बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी मंगळवारी आबांनी मला परड्यात उभे केले आणि भिंतीला हात टेकवून दहा बैठका मारायला लावल्या. बैठका संपल्यावर ‘जा घरी’ म्हणाले. चालणे नाही, आहाराची चर्चा नाही, वजन करायचे नाही. असे चौदा दिवस चालले. सातव्या दिवशी मी स्वतःहून वीसची परवानगी मागितली, कारण पूर्वी मी साठ मारत होते आणि दहांवर थांबणे मला अपमानास्पद वाटू लागले होते. आबांनी नकार दिला. “भूक ठेवून उठायचं,” एवढेच म्हणाले. आपण ज्याला उमेद म्हणता, ती मला त्या सातव्या दिवशी पहिल्यांदा जाणवली. सहा दिवस न चुकता दारात गेल्यानंतर ती आली. आधी येऊन तिने मला दारापर्यंत नेले नव्हते. म्हणून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की उमेद परत आणण्याच्या मागे लागू नका. पूर्वी जेवढे करत होता त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याने, ठरलेल्या वेळी, दुसऱ्या कोणा माणसाच्या डोळ्यांसमोर सुरू करा आणि दोन आठवडे वाढवू नका.

पंधराव्या दिवशी मी रंकाळ्यावर गेले. ज्या प्रसंगाला मी सात महिने घाबरत होते, तो पहिल्या दहा मिनिटांत घडला. ओळखीची एक बाई समोरून आली आणि म्हणाली, “अगं, परत भरलीस की!” मला ते लागले आणि घरी आल्यावर मी रडले. तरीही दुसऱ्या दिवशी गेले, कारण साडेपाचला आबा परड्यात उभे असणार होते आणि मी न गेल्यास ते माझ्या घरापर्यंत चालत आले असते.

विज्ञानाची शिक्षिका म्हणून दोन गोष्टी सांगते, कारण त्या मला आधी माहीत असूनही स्वतःला लावता आल्या नव्हत्या. परत आलेले ६ किलो सगळे चरबीचे नसतात. यकृतात आणि स्नायूंत साठणारे ग्लायकोजेन प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवते, त्यामुळे आहार सैल होताच एक-दीड किलो काही दिवसांत दिसू लागतात आणि आपण सगळे बुडाले असे समजून आणखी सैल होतो. उरलेले हळूहळू आणि दिसेल न दिसेल असे वाढते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० किलोकॅलरी. माझ्या बाबतीत लोकांनी तांबड्या रश्श्याला दोष दिला, पण रविवारचे मटण मी १३ किलो कमी करतानाही खात होते. खरा फरक शिक्षककक्षातल्या चहाचा होता. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे जवळपास १५० किलोकॅलरी. कागदावर हिशेब केला तर पन्नास दिवसांत एक किलो. शिवाय चहाबरोबरची खारी वेगळीच.

दुसरी गोष्ट सवयीची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात, नवी कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्याच अभ्यासात असेही दिसले की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यावर विशेष परिणाम होत नाही. २१ दिवसांत सवय लागते असे सांगणाऱ्यांनी माझ्यासारख्या कितीतरी बायकांना बाविसाव्या दिवशी निराश केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कमावलेले बळही लोक समजतात तसे वाहून जात नाही. दम लवकर कमी होतो, दोन-चार आठवड्यांत जाणवतो, पण स्नायूंची ताकद सावकाश उतरते आणि दुसऱ्यांदा मिळवताना पहिल्यापेक्षा कमी काळ लागतो. मला दहावरून पुन्हा साठ बैठकांपर्यंत यायला दहा आठवडे लागले. पहिल्यांदा सहा महिने लागले होते.

आमच्याकडे रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट सांगतात, की तो रोज गव्हाच्या दाण्याएवढा तळ्याकडे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो. तो तळ्यापर्यंत पोचला तर प्रलय होईल असे म्हणतात, तेव्हा ही गोष्ट उत्तेजन देण्यासाठी नाही हे मला ठाऊक आहे. तरीही माझ्या वहीतले दोन वर्षांचे आकडे पाहिले की मला त्या चालीची आठवण होते. आज माझे वजन ६९ किलो आहे, ६६ नाही. एचबीएवनसी मागच्या वेळी ५.८ होते. मध्ये शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या वेळी पुन्हा तीन आठवडे खंड पडला. त्या वेळी मी चौथ्या आठवड्याची वाट पाहिली नाही, दहा बैठकांपासून सुरू केले.

दादाबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर अपुरे राहील. त्याने तालीम सोडली, खुराक सोडला नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावरचे म्हशीचे धारोष्ण दूध, तूप, बदाम, सगळे तसेच चालू राहिले आणि मेहनत थांबली. कुस्ती सोडलेल्या कितीतरी पैलवानांचे हेच होते आणि त्यात मनाच्या दुबळेपणाचा काही संबंध नाही. तालमीत पहाटे चारला उठवणारे वस्ताद होते, बरोबर मेहनत करणारा जोडीदार होता; घरी ते कोणीच नव्हते. दादाला गेल्या वर्षी मधुमेह निघाला. मी आणि आबा परड्यात असतो तेव्हा तो वरच्या खोलीत झोपलेला असतो. त्याचे मन घट्ट नाही असे मी त्याला कधीही म्हणणार नाही, कारण ते खरे नाही, आणि मला ते ऐकताना काय वाटले होते ते मला आठवते. त्याच्याभोवतीची घडी मोडली आहे, जशी माझी मोडली होती आणि जशी आपलीही मोडली असावी.

आता जे आधी लिहायला हवे होते ते लिहिते. आपले वय, आजार आणि औषधे मला माहीत नाहीत. मला वडील मिळाले. आपल्याजवळ असे कोणी नसेल तर शेजारी, मैत्रीण, रोज फोन करणारी बहीण यांपैकी एकाला वेळ सांगून ठेवा, एकट्याने सुरू करू नका. व्यायामाबरोबर झोप, भूक आणि रोजच्या कामातला रसही गेला असेल, किंवा खाण्यात बदल नसताना वजन वाढत असेल आणि थकवा राहत असेल, तर बैठका नंतर, आधी डॉक्टर. नैराश्य आणि थायरॉइडचा आजार दोन्ही असेच दिसतात. गुडघे दुखत असतील तर पूर्ण बैठक न मारता खुर्चीवरून उठा-बसा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पहाटे उपाशीपोटी काहीही सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, कारण साखर अचानक उतरू शकते. दादालाही मी हे सांगितले आहे आणि त्याच्या डॉक्टरांनी न्याहारीनंतर, सकाळी आठला चालण्याची परवानगी दिली आहे. आठला आबा मोकळेच असतात.